गडचिरोलीत नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी : जिल्ह्याची ओळख आणि आजारपणाची पूर्वतयारी

गडचिरोलीला बदली झाल्याचा आदेश हाती पडला की घरात पहिल्यांदा नक्षलवादाची चर्चा होते, मग मुलांच्या शाळेची, आणि दवाखान्याचा विषय बहुधा कोणीतरी पहिल्यांदा तापाने आडवे झाल्यावरच निघतो. प्रस्तुत लेखकाच्या बाबतीतही तसेच झाले. एटापल्ली तालुक्यातील एका टोल्यावर, म्हणजे लहानशा वस्तीवर, शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा सोबत पुस्तके, स्टोव्ह आणि दोन महिन्यांचा किराणा होता. पण जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणत्या गावी आहे आणि मध्ये किती नाले लागतात, हे विचारण्याचे सुचले नव्हते. शिक्षक, वनरक्षक, तलाठी, बँक कर्मचारी, परिचारिका किंवा संस्थेचे कार्यकर्ते म्हणून येथे येणाऱ्यांनी ही चूक करू नये, एवढ्यासाठी पुढील मजकूर क्रमाने लिहिला आहे.

पहिली पायरी : आधी नद्या पाहा, मग रस्ते

जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावा आणि त्यावर प्रथम नद्या शोधा. पश्चिमेला वैनगंगा वाहते. चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळाली की पुढे तीच प्राणहिता म्हणून ओळखली जाते आणि सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. आग्नेयेला इंद्रावती आहे. पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला तेलंगणा. आतल्या भागात खोब्रागडी, सती, कठाणी, दिना, बांडिया, पर्लकोटा अशा नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले आहेत. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२, म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे जेमतेम ७४ माणसे. उत्तरेच्या कोरचीपासून दक्षिणेच्या सिरोंचापर्यंत रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते, आणि रेल्वे आजवर जिल्ह्याला शिवली आहे ती केवळ देसाईगंजला, म्हणजेच वडशाला.

या आकड्यांचा आरोग्याशी थेट संबंध आहे. माणसे विखुरलेली असली की डॉक्टर, रक्तपेढी आणि शस्त्रक्रियागृह प्रत्येकाच्या जवळ असू शकत नाही, आणि पावसाळ्यात तर किलोमीटरचा हिशेबच निकामी होतो. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जाऊन तालुक्याचा संपर्क तुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. म्हणून येथील जुनी माणसे दवाखाना ‘किती दूर’ आहे असे विचारत नाहीत. ‘नाला कोणता लागतो’ असे विचारतात. तुम्हीही रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न विचारा, आणि नाल्याला पाणी आले तर दुसरी वाट कोणती, डोंगा कोणाकडे आहे, हेही त्याच वेळी विचारून ठेवा.

दुसरी पायरी : इतिहास थोडक्यात, पण नीट समजून घ्या

वैनगंगेच्या काठचा प्रदेश जुना आणि नांदता आहे. नदी उत्तरवाहिनी होते त्या मार्कंडा येथील शिल्पसमृद्ध देवळांचा समूह आणि हिऱ्यांच्या खाणींसाठी कधीकाळी नावाजलेले वैरागड ही त्याची ठळक उदाहरणे. हा सारा मुलूख चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांचा होता, पुढे नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांच्या ताब्यात आला. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी येथेच इंग्रजांविरुद्ध उठाव केला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याला फाशी देण्यात आले. त्यांचे नाव या भागात आजही आदराने घेतले जाते, हे नवागताने लक्षात ठेवावे.

दक्षिणेची गोष्ट वेगळी आहे. सिरोंचा हे इंग्रजी अमदानीत वेगळ्या अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे होते. तो जिल्हा मोडून १८७४ मध्ये सिरोंचा चांद्याला जोडण्यात आले. गडचिरोली तहसील १९०५ मध्ये चांदा आणि ब्रह्मपुरी भागातील जमीनदाऱ्या एकत्र करून बनविण्यात आली. जमीनदाऱ्यांत अहेरीची सर्वांत मोठी होती. इमारती लाकूड, बांबू आणि तेंदूपाने यांसाठी सरकारला हे जंगल हवे होते, त्यामुळे जंगल खात्याच्या वाटा आणि डेपो आले. दवाखाने आणि पूल मात्र फार मागाहून आले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, त्या वेळी दक्षिणेच्या माडिया आदिवासींच्या गावांना सरकारी डॉक्टर ही कल्पनाच नवी होती. त्याच दशकात नक्षल चळवळीने मूळ धरले आणि रस्ते, पूल व कर्मचारी हे सगळेच आणखी रखडले.

हा इतिहास माहीत असला की एक गोष्ट उमगते. वैनगंगेच्या बाजूचे गडचिरोली, आरमोरी, देसाईगंज, चामोर्शी हे तालुके आणि दक्षिणेचे व पूर्वेचे एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, धानोरा, कोरची हे तालुके यांत सोयीसुविधांचे जे अंतर दिसते ते लोकांच्या ‘मागासपणा’मुळे पडलेले नाही. भाषांचेही तसेच. उत्तरेला मराठीची झाडीबोली, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, सिरोंचाला तेलुगू, एटापल्ली-भामरागडला माडिया आणि गोंडी, तर मुलचेरा-चामोर्शी भागातील वसाहतींत, जेथे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना वसविले गेले, तेथे बंगाली. दवाखान्यात दुखणे सांगताना आणि औषधाची मात्रा समजून घेताना भाषा आड येते, तेव्हा या यादीचा अर्थ कळतो. गावात शिरताना ‘जोहार’ म्हणावे. बाकीचे शब्द हळूहळू येतात.

तिसरी पायरी : आशाताईंची ओळख

आता मुख्य मुद्दा. येथे आजारपणाची साखळी मोठ्या रुग्णालयापासून खाली येत नाही, ती गावातून वर जाते, आणि तिचा पहिला दुवा म्हणजे आशा कार्यकर्ती. शहरातून आलेला सुशिक्षित माणूस नेमका हाच दुवा गाळतो. मीही गाळला होता. पहिल्याच पावसाळ्यात अंग तापू लागले तेव्हा पॅरासिटामॉलच्या गोळ्यांवर तीन दिवस काढले, शाळेतही गेलो. चौथ्या दिवशी पोरांनी घरी जाऊन सांगितले असावे, कारण संध्याकाळी आशाताई पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा एक थेंब पट्टीच्या खाचेत सोडला, वर द्रावणाचे थेंब टाकले आणि घड्याळ पाहत ओट्यावर बसून राहिल्या. पंधरा-वीस मिनिटांनी पट्टीवर दोन रेघा उमटल्या. एक रेघ पट्टी नीट चालल्याची, दुसरी मलेरियाची. ‘‘गुरुजी, ताप आला तं पयले मले सांगाचं न,’’ एवढेच त्या बोलल्या आणि गोळ्या समोर बसवून गिळायला लावल्या. पहिला डोस डोळ्यांदेखत देण्याची पद्धत आहे, हे मला मागाहून कळले.

तेव्हा सामान लावून झाले की आशाताईंच्या घरी जा, घरात कोण कोण आहे ते सांगा, कोणाला रक्तदाब, मधुमेह, दमा असेल किंवा कोणी गरोदर असेल तर नोंद करून घ्या. आशाताईंच्या वरचा टप्पा उपकेंद्राचा. आदिवासी भागात साधारण ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे असा निकष आहे आणि तेथे नर्सताई व आरोग्यसेवक भेटतात. त्यावर २०,००० लोकसंख्येमागे प्राथमिक आरोग्य केंद्र, जेथे वैद्यकीय अधिकारी असतात. ही तिन्ही जिल्हा परिषदेच्या, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतात. त्यापुढची ग्रामीण रुग्णालये, अहेरी, आरमोरी व कुरखेडा येथील उपजिल्हा रुग्णालये आणि गडचिरोलीचे जिल्हा सामान्य रुग्णालय ही जिल्हा शल्यचिकित्सकांच्या वाटेने चालतात. ही दुहेरी रचना नवख्याला किरकोळ वाटते. पण औषध संपले, रुग्णवाहिका नाही, अशी तक्रार करताना अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की आठवडा वाया जातो.

चौथी पायरी : ताप म्हणजे तपासणी

महाराष्ट्रातील मलेरियाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा फार मोठा असतो. दाट जंगल, संथ नाले आणि शेतात किंवा जंगलात मुक्कामी राहणारी माणसे ही त्याची कारणे आहेत. येथे फॅल्सिपेरम प्रकारचा मलेरिया मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि उशीर झाला तर तो मेंदूवर जाऊ शकतो. म्हणून नियम एकच ठेवा : कोणताही ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्यायचे, मग तो सर्दीचा वाटो की थकव्याचा. गोळ्यांचा कोर्स ताप उतरला तरी पूर्ण करायचा. व्हायवॅक्स प्रकारात तर चौदा दिवसांच्या गोळ्या असतात आणि तिसऱ्याच दिवशी बरे वाटू लागल्याने बहुतेक जण तेथेच थांबतात, मग काही आठवड्यांनी ताप परत येतो. गरोदर स्त्री आणि तान्हे मूल यांना त्यांतील काही गोळ्या चालत नाहीत, तेव्हा उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देण्याचा परोपकार करू नये. ताप आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले, लघवी काळपट झाली किंवा मूल अंगावर पिईनासे झाले, तर पट्टीची वाट न पाहता निघावे.

मच्छरदाणी सरकारकडून मिळते, औषध लावलेली असते. ती मासे धरायला किंवा कोंबड्यांवर टाकायला वापरल्याचे दिसले तर हसू नका; तुमची स्वतःची रोज रात्री गादीखाली नीट खोचली जाते का, ते पाहा.

पाचवी पायरी : साप चावल्यास

पावसाळ्यात जमिनीवर झोपू नये, हे येथे आल्यावर सर्वांत आधी पाळावे. मण्यार रात्री घरात शिरते आणि झोपलेल्याला चावते. दंशाची खूण दिसेलच असे नाही, दुखतही नाही, आणि पहाटे पोट दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे अशी लक्षणे सुरू होतात. अशा वेळी कापणे, चोखणे, दोरी आवळून बांधणे, पुजाऱ्याकडे (गावच्या मांत्रिकाकडे) नेणे यांत वेळ घालवू नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता, वेळ लक्षात ठेवून, रुग्णाला थेट आरोग्य केंद्रात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नसते. प्रतिविषाचा साठा आपल्या केंद्रात आहे का, हे जूनमध्येच विचारून ठेवा.

पुजाऱ्याबद्दल एक खुलासा. गावाचा त्याच्यावरचा विश्वास पिढ्यांचा आहे आणि बाहेरून आलेल्याने त्याची टवाळी केली की गाव त्या माणसाशी बोलणे थांबवते. समजूतदार वैद्यकीय अधिकारी पुजाऱ्यालाच सांगतात की पूजा करा, पण माणूस आधी आमच्याकडे पाठवा, आणि पुष्कळ ठिकाणी ते जमतेही. माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बाया ज्या कुर्माघरात राहतात त्याबाबतही तेच : तेथे उजेड, पलंग, पाणी यांची सोय व्हावी म्हणून बायांशीच बोलावे.

सहावी पायरी : सिकलसेल, बाळंतपण आणि मुले

शाळेत एखादे मूल वारंवार सांधे दुखतात म्हणत असेल, डोळे पिवळसर दिसत असतील आणि पावसात किंवा थंडीत ते कोलमडत असेल, तर त्याला आळशी ठरवू नका. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार या भागात बराच आढळतो. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी गावपातळीवर होते. ती सकारात्मक आली तर मूल वाहक (स्वतःला सहसा त्रास नसलेले, पण दोष पुढच्या पिढीला देऊ शकणारे) आहे की रुग्ण, हे पुढच्या तपासणीत ठरते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के आणि वाहक होण्याची ५० टक्के असते, म्हणून लग्नाआधी तपासणीचा आग्रह धरला जातो. रुग्ण मुलाला भरपूर पाणी, थंडीपासून बचाव आणि ताप येताच उपचार लागतात. वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू देणे आणि लघवीला जाऊ देणे हे शिक्षकाच्या हातातले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

घरात कोणी गरोदर असेल तर प्रसूतीची तारीख पावसाळ्यात येते का, हे पहिल्याच महिन्यात पाहा. दुर्गम भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघर’ ही सोय आहे. बाई बाळंतपणाच्या काही दिवस आधी नातेवाईकासह तेथे राहायला जाऊ शकते, म्हणजे ऐन वेळी खाटेची कावड करून नाला ओलांडण्याची पाळी येत नाही. शासकीय संस्थेतील बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, जेवण आणि घरी सोडण्याचे वाहन विनामूल्य असते. अवघड बाळंतपणासाठी गडचिरोलीला महिला व बाल रुग्णालय आहे. बाळ घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, वजन करतात, ताप पाहतात.

या भेटींची पद्धत याच जिल्ह्यात घडली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ या संस्थेचे काम येथे सुरू केले. गावातल्याच बायांना नवजात बाळाची देखभाल, न्यूमोनिया ओळखणे आणि जंतुसंसर्गावर उपचार करणे शिकवून त्यांनी ३९ गावांत प्रयोग केला. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज देशभरातील आशा ज्या पिशवीसह बाळंतिणीच्या दारी जातात, तिची एक मुळी इथल्या गावांत आहे.

सातवी पायरी : सरकारी साखळीबाहेरची ठिकाणे

‘सर्च’चा दवाखाना गडचिरोली-धानोरा रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम येथे आहे आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव आहे, रुग्णालय कसे असावे हे आदिवासींना विचारून त्याची रचना झाली. तेथे तज्ज्ञ डॉक्टर आणि शस्त्रक्रिया शिबिरे ठरावीक दिवशी असतात, म्हणून आधी चौकशी करून निघावे. भामरागडच्या अलीकडे हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला; डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे वीज नसलेल्या काळात झाडाखाली रुग्ण तपासण्यापासून सुरुवात केली. आजही छत्तीसगडच्या बाजूने चालत येणारे रुग्ण तेथे भेटतात. कुरखेड्याला ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था आरोग्यशिक्षणाचे काम करते. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. दारू मिळतच नाही असे कोणी समजू नये, पण खर्रा (सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेले मिश्रण) तर राजरोस मिळतो आणि नव्या माणसाला पाहुणचार म्हणून पुढे केला जातो. पहिल्याच दिवशी ‘मी खात नाही’ म्हटले की कोणी पुन्हा आग्रह करत नाही.

गडचिरोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. तरीही मेंदूची किंवा हृदयाची गंभीर तक्रार असेल तर चंद्रपूर किंवा सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. उत्तरेचे लोक वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीला जातात, सिरोंचाचे तेलंगणात.

आठवी पायरी : कागद आणि क्रमांक

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार विनामूल्य आहेत. खासगी रुग्णालयात जावे लागले तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र ते यादीतील रुग्णालयात आणि यादीतील उपचारांनाच लागू होते, म्हणून दाखल होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठावे. शिधापत्रिका व आधार यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळ टांगून ठेवाव्यात. सिरोंचात राहणाऱ्यांनी आयुष्मान कार्ड जरूर काढावे, कारण नदीपलीकडे राज्याच्या योजनेचा उपयोग होत नाही.

रुग्णवाहिकेसाठी १०८, गरोदर स्त्री व तान्ह्या बाळासाठी १०२. मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. एकट्याने राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना पहिल्या पावसाळ्यात तो लागू शकतो आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु मोबाईलला रेंज नसलेल्या गावात या क्रमांकांचा उपयोग काय? म्हणून गावात रेंज कोठे मिळते ती जागा पाहून ठेवा. आमच्या टोल्यावर ती शाळेमागच्या टेकाडावर, मोहाच्या झाडाखाली होती. पावसाळी रात्री तेथवर जायला एक माणूस, एक काठी आणि चांगली विजेरी लागते. गावात ट्रॅक्टर किंवा जीप कोणाकडे आहे आणि तिच्यात डिझेल असते का, हेही त्याच यादीत लिहा. माझ्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेली ती यादी पुढे आलेल्या गुरुजींनी पुसली नाही. त्यांनी खाली फक्त नव्या ट्रॅक्टरवाल्याचे नाव घातले.